महाविद्यालयातील एकल प्रवेश व्यवस्था : निर्देशिका-आधारित ओळख-प्रमाणीकरणाची रचना आणि महाविद्यालयाची जबाबदारी

प्रस्तावना :

महाविद्यालयातील बहुतेक कामकाज आज कोणत्या ना कोणत्या संगणक प्रणालीशी जोडलेले आहे. ग्रंथालयाची देवघेव, प्रवेश व शुल्क, अध्यापनाचे संकेतस्थळ, ई-मेल आणि ई-नियतकालिके या प्रत्येकासाठी वेगळे वापरकर्ता-नाव व वेगळा पासवर्ड द्यावा लागतो. परिणामी काही जण सर्वत्र एकच सोपा पासवर्ड ठेवतात, काही जण तो वहीच्या मागील पानावर लिहून ठेवतात, तर कित्येक ठिकाणी संपूर्ण विभागाचे काम एकाच नावावर चालते. हा शेवटचा प्रकार सोयीचा वाटला तरी त्यात कोणी काय केले याची नोंद उरत नाही.

यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण भागातील उमरखेडसारख्या तालुक्याच्या ठिकाणी या प्रश्नाला अधिक महत्त्व आहे. येथील महाविद्यालये संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाशी संलग्न आहेत. परंतु विद्यापीठाचे ग्रंथालय रोज गाठता येईल इतके जवळ नाही. संशोधन करणाऱ्या अध्यापकाला रात्री घरी बसून एखादा शोधनिबंध वाचावयाचा असेल, तर तो या महाविद्यालयाचा अध्यापक आहे हे दूरच्या प्रकाशकाला पटविण्याची खात्रीलायक सोय हवी. एकल प्रवेश व्यवस्था ही अशी सोय आहे.

उद्दिष्टे :

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत.
१) निर्देशिका-आधारित प्रमाणीकरण व एकल प्रवेश या संकल्पनांतील भेद स्पष्ट करणे.
२) इन्फ्लिबनेट केंद्राच्या संघीय प्रवेश व्यवस्थेच्या आधारे तिचे कार्य समजावून सांगणे.
३) ही व्यवस्था उभारताना व चालविताना महाविद्यालयाने घ्यावयाची दक्षता मांडणे.

निर्देशिकेचे स्वरूप :

निर्देशिका म्हणजेच डिरेक्टरी ही माणसांच्या नोंदींची, वाचण्यास अतिशय जलद अशी मांडणी होय. तिची रचना वृक्षासारखी असते. मुळाशी संस्थेचे नाव, त्याखाली अध्यापक, शिक्षकेतर कर्मचारी व विद्यार्थी अशा शाखा आणि प्रत्येक शाखेच्या टोकाला एकेका व्यक्तीची नोंद असते. प्रत्येक नोंदीत नाव, आडनाव, वापरकर्ता-नाव, ई-मेल, विभाग इत्यादी गुणधर्म असतात. मुळापासून नोंदीपर्यंतचा संपूर्ण मार्ग हे त्या नोंदीचे विशिष्ट नाव ठरते. त्यामुळे एकाच नावाचे दोन विद्यार्थी असले तरी गोंधळ होत नाही.

निर्देशिकेसाठी १९८८ मध्ये एक्स. ५०० हे आंतरराष्ट्रीय मानक तयार झाले. परंतु ते जड होते. १९९३ मध्ये मिशिगन विद्यापीठातील कार्यातून त्याचा हलका पर्याय पुढे आला. लाइटवेट डिरेक्टरी ॲक्सेस प्रोटोकॉल, संक्षेपाने एलडॅप, हे त्याचे नाव होय. त्याची तिसरी आवृत्ती १९९७ मध्ये प्रसिद्ध झाली व तीच आजही प्रचलित आहे. ओपन-एलडॅप ही मुक्त-स्रोत प्रणाली आणि मायक्रोसॉफ्टची ॲक्टिव्ह डिरेक्टरी या दोन्ही हीच भाषा जाणतात.

प्रमाणीकरणाची क्रिया दोन पायऱ्यांत होते. प्रथम संबंधित प्रणाली निर्देशिकेत वापरकर्ता-नाव शोधते व त्या नोंदीचे विशिष्ट नाव मिळविते. नंतर ते विशिष्ट नाव आणि वापरकर्त्याने दिलेला पासवर्ड घेऊन ती निर्देशिकेशी जोडणी करून पाहते. जोडणी स्वीकारली गेली तर ओळख पटली. पासवर्ड मूळ स्वरूपात साठविण्याची आवश्यकता नसते. त्यावर एकदिश गणिती प्रक्रिया करून मिळालेले रूप तेवढे साठविले जाते.

एक पासवर्ड आणि एकल प्रवेश :

येथे एक भेद लक्षात घेणे अगत्याचे आहे. ग्रंथालयाची कोहा प्रणाली आणि अध्यापनाची मूडल प्रणाली या दोन्ही एकाच एलडॅप निर्देशिकेशी जोडल्या, तर दोन्हीकडे एकच पासवर्ड चालतो. तथापि याला एकल प्रवेश म्हणता येत नाही. वापरकर्त्याला दोन्ही ठिकाणी पासवर्ड पुन्हा टंकित करावाच लागतो. शिवाय तो पासवर्ड प्रत्येक प्रणालीच्या हातातून जातो. त्यांपैकी एक प्रणाली जरी दुबळी असली तरी सर्व ठिकाणचा पासवर्ड धोक्यात येतो. म्हणजे केवळ निर्देशिका सामायिक केल्याने सोय वाढते, पण त्याचबरोबर जोखीमही वाढते.

एकल प्रवेशात पासवर्ड एकाच ठिकाणी दिला जातो. त्या ठिकाणाला ओळख-प्रदाता म्हणतात. कोहा, मूडल किंवा प्रकाशकाचे संकेतस्थळ हे सेवा-प्रदाते होत. त्यांना पासवर्ड कधीच दिसत नाही. ओळख-प्रदात्याने स्वाक्षरी करून दिलेले निवेदन तेवढे त्यांच्याकडे पोहोचते.

महाविद्यालयाच्या परिचयाचे उदाहरण घ्यावयाचे तर बोनाफाईड प्रमाणपत्राचे घेता येईल. एस. टी.चा सवलतीचा पास देणाऱ्या लिपिकाजवळ महाविद्यालयाचे प्रवेश रजिस्टर नसते. तो प्राचार्यांची स्वाक्षरी, शिक्का आणि तारीख पाहतो व त्यावर विश्वास ठेवतो. एकल प्रवेशातील निवेदन हे असेच संगणकीय बोनाफाईड होय. त्यावरही स्वाक्षरी असते, ते कोणत्या सेवेसाठी आहे याचा उल्लेख असतो आणि त्याची मुदत काही मिनिटांचीच असते. अशा निवेदनाचे सॅमल हे मानक ओॲसिस या संस्थेने २००२ मध्ये प्रथम प्रसिद्ध केले. त्याची दुसरी आवृत्ती मार्च २००५ मध्ये आली.

संघीय प्रवेश आणि इन्फेड :

विद्यापीठ अनुदान आयोगाने १९९१ मध्ये पुणे येथील आयुका या संस्थेच्या छत्राखाली इन्फ्लिबनेट प्रकल्प सुरू केला. १९९६ मध्ये त्याला स्वतंत्र आंतरविद्यापीठ केंद्राचा दर्जा मिळाला. आज हे केंद्र गांधीनगर येथे आहे. महाविद्यालयांना ई-नियतकालिके व ई-ग्रंथ उपलब्ध करून देणारा एन-लिस्ट उपक्रम २०१० मध्ये या केंद्रामार्फत सुरू झाला.

ई-साहित्याच्या आरंभीच्या काळात प्रवेश बहुधा संगणकाच्या जाल-पत्त्यावर अवलंबून असे. परिसरातील संगणकावरून मागणी आली की प्रकाशक ती स्वीकारीत असे. या पद्धतीत परिसराबाहेर पडताच वाचकाचा अधिकार संपुष्टात येई. ज्या महाविद्यालयाला स्थिर जाल-पत्ताच नाही, त्याला तर ही पद्धत निरुपयोगी होती. अधिकार जागेऐवजी व्यक्तीशी जोडणे हाच यावरचा उपाय होता.

इन्फ्लिबनेट ॲक्सेस मॅनेजमेंट फेडरेशन, अर्थात इन्फेड, हा यासाठी उभारलेला संस्थांचा व प्रकाशकांचा संघ आहे. तो शिबोलेथ या मुक्त-स्रोत प्रणालीवर चालतो. अमेरिकेतील इंटरनेट-२ संस्थेच्या प्रकल्पातून ही प्रणाली निर्माण झाली व २००३ मध्ये तिची पहिली आवृत्ती आली. शिबोलेथ हा शब्द बायबलमधील शास्ते या ग्रंथातून घेतला आहे. तेथे नदीच्या उतारावर पहारेकरी हा शब्द उच्चारावयास लावून परक्यांना ओळखीत असत.

प्रत्यक्ष क्रम असा असतो. वाचक प्रकाशकाच्या संकेतस्थळावर संस्थेमार्फत प्रवेशाचा पर्याय निवडतो व यादीतून आपल्या संस्थेचे नाव निवडतो. त्याचा ब्राउझर ओळख-प्रदात्याकडे वळविला जातो. तेथे तो पासवर्ड देतो व निर्देशिकेतून त्याची ओळख पटते. स्वाक्षरीत निवेदन ब्राउझरमार्फतच प्रकाशकाकडे परत जाते. प्रकाशक स्वाक्षरी तपासून दालन खुले करतो. त्याच सत्रात वाचक दुसऱ्या प्रकाशकाकडे गेला, तर पासवर्ड पुन्हा विचारला जात नाही.

ज्या संस्थेजवळ स्वतःचा सर्व्हर नाही, तिच्यासाठी ओळख-प्रदात्याची सोय इन्फ्लिबनेट केंद्रातच होऊ शकते. अशा वेळी महाविद्यालयाला यंत्रसामग्रीची चिंता राहत नाही. मात्र वापरकर्त्यांची यादी महाविद्यालयालाच द्यावी व सांभाळावी लागते. या व्यवस्थेतील ही एक बाब कोणत्याही केंद्रावर सोपविता येत नाही.

उभारणीतील दक्षता :

स्वतःच्या परिसरात ही व्यवस्था उभारणाऱ्या महाविद्यालयाने पुढील बाबी तपासाव्यात.

१) सुरक्षित जोडणी : एलडॅपची साधी जोडणी ३८९ क्रमांकाच्या पोर्टवर चालते व तीत पासवर्ड उघडा जातो. म्हणून ६३६ क्रमांकाच्या पोर्टवरील कूटबद्ध जोडणी वापरावी, किंवा ३८९ वर जोडणीच्या आरंभीच कूटबद्धता सक्तीची करावी.

२) रिकामा पासवर्ड : एलडॅपच्या मानकानुसार विशिष्ट नाव देऊन पासवर्ड रिकामा ठेवला, तर ती जोडणी अनोळखी स्वरूपाची मानली जाते. काही सर्व्हर ती यशस्वी म्हणून कळवितात आणि असावध प्रणाली त्याला ओळख पटल्याचा पुरावा समजते. २००६ च्या सुधारित मानकात याविषयी स्पष्ट इशारा आहे. सर्व्हर व प्रणाली या दोन्ही ठिकाणी रिकामा पासवर्ड नाकारला जातो की नाही, हे प्रत्यक्ष करून पाहावे.

३) शोधासाठीचे खाते : प्रणाली ज्या खात्याने निर्देशिकेत शोध घेते, त्या खात्याला केवळ आवश्यक गुणधर्म वाचण्याचा अधिकार द्यावा. निर्देशिकेच्या मुख्य व्यवस्थापकाचे खाते यासाठी कदापि वापरू नये.

४) घड्याळांचा मेळ : निवेदनाची मुदत अल्प असल्याने सर्व्हरचे घड्याळ मागेपुढे असेल तर अचूक पासवर्ड देऊनही प्रवेश नाकारला जातो. शिबोलेथ साधारणतः तीन मिनिटांचा फरक चालवून घेते. घड्याळ जाल-वेळेशी आपोआप जुळेल अशी व्यवस्था करावी.

५) प्रमाणपत्रांची मुदत : ओळख-प्रदाता व सेवा-प्रदाता परस्परांना संघाच्या माहिती-संचावरून ओळखतात. त्यातील प्रमाणपत्र बदलताना नवे प्रमाणपत्र आगाऊ नोंदवावे. अन्यथा एका दिवसात सर्वांचा प्रवेश बंद पडतो.

६) पर्यायी प्रत : सर्व प्रणाली एकाच निर्देशिकेवर विसंबून असल्याने ती बंद पडली की सर्वच थांबते. निर्देशिकेची दुसरी चालू प्रत वेगळ्या यंत्रावर ठेवावी.

नोंदींचे व्यवस्थापन :

तांत्रिक उभारणी एकदा होते. नोंदींचे काम मात्र दरवर्षी करावे लागते. अध्यापक सेवानिवृत्त होतात वा बदलून जातात. विद्यार्थी टी. सी. घेऊन जातात. तासिका तत्त्वावरील अध्यापकांची नियुक्ती सत्रापुरती असते. या प्रत्येक घटनेची नोंद कार्यालयात होते, परंतु ती निर्देशिकेपर्यंत पोहोचतेच असे नाही. मग एकीकडे महाविद्यालय सोडून गेलेल्यांची खाती चालू राहतात, तर दुसरीकडे तासिका तत्त्वावर नव्याने रुजू झालेल्या अध्यापकाला सत्र संपत आले तरी खाते मिळत नाही. तो सहकाऱ्याचा पासवर्ड मागून घेतो आणि ज्या दोषासाठी ही व्यवस्था आणली, तोच दोष पुन्हा शिरतो.

याचे परिणाम एका व्यक्तीपुरते मर्यादित राहत नाहीत. एखाद्या खात्यावरून शेकडो लेख एकदम उतरविले गेले, तर प्रकाशक त्या संपूर्ण संस्थेचा प्रवेश स्थगित करू शकतो. खाते कोण वापरत होते हे सांगता आले नाही, तर निर्दोष वाचकांनाही त्याचा भुर्दंड सोसावा लागतो.

काही प्रश्नांची उत्तरे संगणक देऊ शकत नाही. सेवानिवृत्त झालेले परंतु पीएच. डी.च्या विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करीत असलेले प्राध्यापक संस्थेचे सदस्य मानावयाचे काय? प्रबंध सादर केलेला, पण मौखिक परीक्षा न झालेला विद्यार्थी कोणत्या शाखेत ठेवावयाचा? प्रकाशकाच्या करारातील सदस्यत्वाची व्याख्या पाहून महाविद्यालयाने याविषयी लेखी धोरण ठरविणे आवश्यक आहे.

गोपनीयता :

प्रकाशकाला वाचकाचे नाव कळण्याची गरज नसते. वाचक अमुक संस्थेचा सदस्य आहे, एवढे विधान पुरेसे असते. शिबोलेथमध्ये कोणता गुणधर्म कोणाला द्यावयाचा हे ठरविता येते. नावाऐवजी प्रत्येक प्रकाशकासाठी वेगळे सांकेतिक चिन्हही देता येते. त्यामुळे दोन प्रकाशकांना त्या चिन्हावरून एका वाचकाच्या वाचनाचा मेळ घालता येत नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियमाने आवश्यक तेवढीच माहिती घेण्याचे तत्त्व मान्य केले आहे. निर्देशिकेत जात, जन्मतारीख वा आधार क्रमांक भरून ठेवणे प्रमाणीकरणासाठी अनावश्यक व म्हणून अनिष्ट होय.

मर्यादा :

एकल प्रवेशाची दुसरी बाजू एकल निर्गमनाची आहे व ती अद्याप समाधानकारक नाही. एका संकेतस्थळातून बाहेर पडल्यावर इतर सत्रे बंद झालीच असे म्हणता येत नाही. ग्रंथालयातील सामायिक संगणकावर काम संपताच ब्राउझर पूर्णतः बंद करण्याची सवय विद्यार्थ्यांना लावावी लागते. तसेच एकच पासवर्ड अनेक दालने उघडीत असल्याने तो चोरीस गेला तर हानीही मोठी होते. म्हणून मोबाइलवरील सांकेतिक क्रमांकासारखा दुसरा पुरावा जोडणे, निदान कार्यालयीन खात्यांसाठी, इष्ट ठरते.

केंद्र शासनाने २०२२ मध्ये मेरी पहचान ही राष्ट्रीय एकल प्रवेश सेवा सुरू केली. तिच्यामुळे महाविद्यालयीन निर्देशिकेची गरज संपते, असे मात्र नाही. व्यक्ती कोण आहे हे राष्ट्रीय सेवा सांगू शकते; ती आज या महाविद्यालयात अध्यापन करते की नाही, हे केवळ महाविद्यालयच सांगू शकते.

निष्कर्ष :

१) सामायिक निर्देशिकेमुळे पासवर्डची संख्या कमी होते, पासवर्डचा प्रसार मात्र ओळख-प्रदात्यामुळे थांबतो. म्हणून दोन्हींची सांगड आवश्यक आहे.
२) इन्फेडसारख्या संघामुळे लहान महाविद्यालयाला स्वतःच्या सर्व्हरशिवायही एकल प्रवेशाचा लाभ घेता येतो.
३) ओळख-प्रदात्याची स्वाक्षरी ही महाविद्यालयाची साक्ष असते. ती साक्ष निर्देशिकेइतकीच खरी असते.
४) यास्तव आस्थापना विभाग, विद्यार्थी विभाग व ग्रंथालय यांनी प्रत्येक सत्राच्या आरंभी व अखेरीस रुजू झालेल्यांची व सोडून गेलेल्यांची संयुक्त यादी तयार करावी. प्राचार्यांच्या मान्यतेनंतर निर्देशिका तिच्याशी ताडून पाहावी आणि तासिका तत्त्वावरील अध्यापकांची खाती नियुक्तिपत्राबरोबरच उघडावीत.