सायबरपंकचा दुसरा भाग : आशा ठेवा, पैसे आधी देऊ नका

कोयली (वडोदरा) : रिफायनरीच्या दिव्यांनी रात्रभर उजळणाऱ्या कोयलीतल्या गेमप्रेमी मराठी पोरांना 'नाईट सिटी' ओळखीची वाटली तर नवल नाही. 'सायबरपंक २०७७'चा पुढचा भाग पोलंडच्या सीडी प्रोजेक्टने ऑक्टोबर २०२२ मध्ये जाहीर केला. मे २०२५ मध्ये तो जेमतेम पूर्वतयारीच्या टप्प्यात होता. म्हणजे वाट बघणं आलंच.

चाहत्यांची मोठी अपेक्षा एकच : गेम पहिल्या दिवसापासून नीट चालावा. कारण १० डिसेंबर २०२० ला आलेला पहिला भाग जुन्या कन्सोलवर धड चालेना. आठवडाभरात सोनीने तो ऑनलाइन दुकानातून काढला, पैसे परत देऊ केले. २०२३ च्या मोठ्या दुरुस्तीनंतर त्याचं नाव सुधारलं.

हिशेब सोपा आहे. आगाऊ बुकिंग म्हणजे माल न बघता दिलेली रक्कम. आधी खेळलेल्यांचं ऐका, मगच खिशात हात घाला.