जुना संगणक भंगारात देण्याआधी

हिशेबाच्या वह्या, कर्जाचे अर्ज, बँकेचे कागद यांवर आपण या कार्यक्रमात बरंच बोललो आहोत. आज बोलायचंय ते ग्रामसंघाच्या खोलीत कोपऱ्यात कापडाखाली झाकून ठेवलेल्या संगणकाबद्दल. कुणी देणगी दिलेला, कुणी शाळेतून मिळवलेला, कुणी योजनेतून आलेला. सुरू करायला बटण दाबावं आणि चहा करून, पिऊन यावं, तेव्हा कुठे पडदा उजळतो. दुकानात नेला की ठरलेलं उत्तर मिळतं: "ताई, हा आता संपला. नवीन घ्या."

नवीन घ्यायचा म्हणजे तीस हजारांच्या आसपास खर्च. दहा जणींचा गट, प्रत्येकीची बचत महिना शंभर रुपये, म्हणजे महिन्याला एक हजार. तीस हजार म्हणजे सगळ्या गटाची अडीच वर्षांची बचत झाली. तेच पैसे अंतर्गत कर्जाला लावले, तर शेकडा एक रुपया दराने महिन्याला ३०० रुपये व्याज गटाकडे येतं आणि कुणाची तरी शेळी, कुणाचं शिलाई मशीन उभं राहतं. म्हणून संगणक खरंच संपला आहे का, हे आधी नीट पाहिलं पाहिजे. पुष्कळदा यंत्र चांगलं असतं, त्याच्यावर टाकलेलं ओझं त्याला पेलत नसतं.

संगणक मंद का होतो?

स्वयंपाकघर डोळ्यांसमोर आणा. धान्याची कोठी असते, काम करायचा ओटा असतो, काम करणारे हात असतात आणि घराचा कारभार चालवणारी बाई असते. संगणकात कोठी म्हणजे हार्ड डिस्क, सगळं साठवून ठेवण्याची जागा. ओटा म्हणजे रॅम, चालू काम मांडण्याची जागा. हात म्हणजे प्रोसेसर. आणि कारभारीण म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम. कुठलं काम आधी, कुणाला किती जागा, प्रिंटरला केव्हा हाक मारायची, हे सगळं तीच ठरवते.

आपल्याला बहुतेकींना एकच कारभारीण माहीत असते, ती म्हणजे विंडोज. तिची प्रत्येक नवी आवृत्ती जास्त ओटा मागते. २ जीबी रॅमच्या संगणकावर आजची विंडोज बसवली, तर ओट्यावर तिचीच भांडी मांडून होतात, आपली कढई ठेवायला जागा उरत नाही. मग संगणक कोठीतून सामान काढतो, परत ठेवतो, पुन्हा काढतो. तो घरघर आवाज त्याचाच.

यात आणखी एक गोष्ट घडली आहे. २०१५ साली आलेल्या विंडोज १० साठी कंपनीकडून मिळणारी नेहमीची मोफत सुरक्षा दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. विंडोज ७ ची तर जानेवारी २०२० मध्येच थांबली होती. विंडोज ११ ला किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठा आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षा चिप लागते. दहा-बारा वर्षांपूर्वीच्या संगणकात ती बहुधा नसते. म्हणजे यंत्र धडधाकट, पण कारभारीण निवृत्त.

दुसरी कारभारीण: लिनक्स

१९९१ साली फिनलंडमध्ये लिनस टोरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्याने लिनक्स लिहायला घेतलं आणि ते सगळ्यांसाठी खुलं केलं. जगभरच्या लोकांनी त्यात भर घातली. ते वापरायला, वाटायला, आपल्या गरजेप्रमाणे बदलायला मोकळीक आहे. परवान्याचे पैसे नाहीत. परकं वाटत असेल, तर हातातला अँड्रॉइड फोन बघा. त्याच्या पोटात लिनक्सच आहे. केरळच्या सरकारी शाळांतली मुलं कित्येक वर्षं लिनक्सवरच संगणक शिकत आहेत. आपल्याकडे सी-डॅक या सरकारी संस्थेने भारतीय भाषांसाठी 'बॉस' नावाचं लिनक्स तयार केलं आहे.

लिनक्सचे अनेक प्रकार आहेत. मसाला एकच, पण प्रत्येक घराची आमटी निराळी, तसं. जुन्या संगणकासाठी हलका प्रकार निवडायचा. आम्ही असं सांगतो:

रॅम ४ जीबी असेल तर लिनक्स मिंटचा एक्सएफसीई प्रकार. त्याचा पडदा विंडोजसारखाच दिसतो. खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेनू. शिकलेल्या हाताला फार बिचकायला होत नाही. मिंट २२ ला सुरक्षा दुरुस्ती २०२९ पर्यंत मिळणार आहे.

रॅम २ जीबी असेल तर लुबुंटू किंवा तोच मिंट, पण एका वेळी थोडंच काम उघडायचं.

रॅम १ जीबी किंवा त्याहून कमी असेल तर अँटीएक्स किंवा पपी लिनक्स. पपी इतकं लहान आहे की सगळंच्या सगळं रॅममध्ये बसून चालतं. दिसायला साधं आहे, पण अर्ज टाइप करायला, हिशेब मांडायला पुरतं.

संगणक फारच जुना असेल तर तो ३२ बिटचा आहे की ६४ बिटचा, तेही बघावं लागतं. मिंट २२ आणि आजचं लुबुंटू फक्त ६४ बिटवर चालतं. ३२ बिटसाठी अँटीएक्स २३ आणि पपीच्या काही आवृत्त्या मिळतात.

बसवण्याआधी नुसतं चालवून बघा

याचा आम्हाला सगळ्यात आवडलेला गुण हा. साडी घेण्याआधी अंगावर टाकून बघतो, तसं लिनक्स न बसवता चालवून बघता येतं.

त्यासाठी ८ जीबीचा एक रिकामा पेन ड्राईव्ह लागतो. चांगल्या चालणाऱ्या दुसऱ्या संगणकावर लिनक्सच्या अधिकृत संकेतस्थळावरून त्याची फाइल उतरवून घ्यायची. मिंटची फाइल जवळजवळ ३ जीबीची असते, म्हणून जिथे वायफाय आहे तिथे हे काम करावं. मग रूफस किंवा बलेना एचर या मोफत साधनाने ती फाइल पेन ड्राईव्हवर चढवायची. नुसती कॉपी करून चालत नाही. आणि पेन ड्राईव्हवर आधी जे असेल ते पुसलं जातं, हे ध्यानात ठेवा.

आता तो पेन ड्राईव्ह जुन्या संगणकाला लावून संगणक सुरू करायचा आणि लगेच ठरावीक बटण दाबत राहायचं. डेल आणि लेनोवोला बहुधा एफ-१२, एचपीला एफ-९. यादी येते, त्यातून पेन ड्राईव्ह निवडला की लिनक्स सुरू होतं. आतल्या डिस्कला हात लागत नाही. पेन ड्राईव्ह काढून पुन्हा सुरू केलं की जुनं सगळं होतं तसंच.

हे चालू असताना घाई न करता तपासा: आवाज येतो का, वायफाय जोडलं जातं का, प्रिंटर ओळखतो का, मराठी नीट दिसतं का. पेन ड्राईव्हवरून चालताना थोडं मंद वाटेल. आत बसवल्यावर त्याहून वेगाने चालतं.

आधी जपणूक, मग बदल

आमच्या ग्रामसंघात हा विषय निघाला तेव्हा अध्यक्षताईंनी रोखठोक विचारलं, "बारा गटांच्या हिशेबाच्या फाइली त्यात आहेत. गेल्या तर बायकांना तोंड कसं दाखवायचं?" प्रश्न बरोबर होता. लिनक्स आत बसवताना 'संपूर्ण डिस्क पुसा' असा पर्याय येतो आणि तो निवडला की जुनं काही उरत नाही. म्हणून आम्ही क्रम ठरवून घेतला. सगळ्या फाइली दोन वेगवेगळ्या पेन ड्राईव्हवर उतरवल्या, एक अध्यक्षांकडे, एक सचिवांकडे. दोन्ही दुसऱ्या संगणकावर उघडून पाहिल्या. इतिवृत्तात तशी नोंद केली, सह्या घेतल्या आणि मगच बसवायला सुरुवात केली. २ जीबी रॅमचं ते यंत्र आता मासिक अहवालाच्या कामाला आहे आणि दुपारी दहावी-बारावीच्या मुली त्यावर टायपिंगचा सराव करतात.

मराठीचं काय?

लिनक्सच्या कीबोर्ड सेटिंगमध्ये मराठीचा इनस्क्रिप्ट आराखडा जोडता येतो. इनस्क्रिप्ट हा सरकारने ठरवलेला प्रमाण आराखडा. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या हाताला. एकदा हात बसला की कुठल्याही संगणकावर तोच चालतो. ज्यांना उच्चाराप्रमाणे टाइप करायची सवय आहे त्यांच्यासाठी तसाही आराखडा असतो.

अडचण येते ती जुन्या फाइलींची. काही जणींनी पूर्वी कृतिदेव किंवा तसल्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं असतं. तो फॉन्ट नसेल तर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. फाइल बिघडलेली नसते. त्या फॉन्टची फाइल जुन्या संगणकातून आणून नव्यात बसवली की वाचता येतं. पण यापुढे सगळं युनिकोडमध्येच टाइप करा, म्हणजे फोनवर पाठवलं तरी वाचता येईल.

पत्रं, अर्ज आणि हिशेबाचे तक्ते यांसाठी लिबरऑफिस असतं. ते मिंट आणि लुबुंटूमध्ये आधीच बसवलेलं मिळतं. वर्ड आणि एक्सेलच्या फाइली त्यात उघडतात, बेरजा-टक्केवारीची सूत्रं चालतात. रकान्यांची मांडणी कधी थोडी सरकते. म्हणून बँकेला किंवा पंचायत समितीला पाठवताना पीडीएफ करून पाठवा.

काय होणार नाही, तेही ऐका

टॅली लिनक्सवर सरळ चालत नाही. बँक सखीचं अंगठ्याचं यंत्र, डिजिटल सही, काही सरकारी कामांची खास साधनं ही बहुधा विंडोज किंवा अँड्रॉइडसाठीच बनवलेली असतात. ज्या संगणकावर असं काम चालतं, तो बदलू नका. बाजारातले काही लेझर प्रिंटरही लिनक्सला दाद देत नाहीत, एचपीचे बरेचसे सहज जोडले जातात. म्हणूनच आधी चालवून बघायचं.

दुसरं, कारभारीण हलकी झाली म्हणून संकेतस्थळं हलकी होत नाहीत. २ जीबी रॅमवर फायरफॉक्सच्या दोन-तीन खिडक्या उघडाव्यात, दहा नव्हे. आणि फसवणुकीचा फोन लिनक्सवाल्यांनाही येतोच. विंडोजसाठी बनवलेले पेन ड्राईव्हमधले व्हायरस इथे सहसा चालत नाहीत हे खरं, पण ओटीपी सांगितला तर कुठलीही सिस्टिम वाचवणार नाही.

थोडा खर्च करायचा झाला तर

पहिला खर्च एका छोट्या सेलचा. संगणक दर वेळी जुनी तारीख दाखवत असेल, तर आतला बटणासारखा सेल, सीआर २०३२, संपलेला असतो. तारीख चुकली की बँकेची, सरकारची संकेतस्थळं 'सुरक्षित नाही' म्हणून उघडत नाहीत आणि आपण इंटरनेटला दोष देत बसतो. दुसरं, आतली धूळ. वीज काढून, जाणकाराकडून पंखा साफ करून घ्या. तिसरं, रॅम ४ जीबीपर्यंत वाढवणं. डीडीआर-२ च्या जागी डीडीआर-३ बसत नाही, म्हणून जुनी पट्टी सोबत घेऊन दुकानात जा. चौथं आणि सगळ्यात गुणकारी, फिरत्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी. लिनक्स आणि घरगुती फाइलींना १२० किंवा २४० जीबीची पुरते. भाव दोन-तीन दुकानांत विचारा आणि एकूण खर्च नव्या संगणकाच्या चौथ्या हिश्श्यावर जाऊ लागला, तर बैठकीत पुन्हा विचार करा. मदरबोर्ड जळालेला असेल तर लिनक्स काही करू शकत नाही.

आणि खरंच संपला असेल तर

तरीही भंगारवाल्याच्या गाडीवर टाकू नका. संगणकात शिसं असतं, जुन्या पडद्यांच्या दिव्यांत पारा असतो. तारा जाळून तांबं काढतात तेव्हा तो धूर आपल्याच पोरांच्या छातीत जातो. त्याहून जवळची भीती वेगळी आहे. त्या डिस्कमध्ये आपल्या सभासदांच्या आधारच्या प्रती, पासबुकांचे फोटो, फोन नंबर असतात. नुसतं डिलीट करून ते जात नाही, जाणकार ते परत काढू शकतो. डिस्क काढून स्वतःकडे ठेवा किंवा पूर्ण पुसून घ्या आणि उरलेलं यंत्र अधिकृत ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडेच द्या.

मैत्रिणींनो, पुढच्या मासिक बैठकीत एवढंच करा. कापड काढा, संगणक सुरू करा आणि चार गोष्टी रजिस्टरमध्ये लिहा: रॅम किती, ३२ बिट की ६४ बिट, कोणत्या कामाला लागतो, आणि त्यात कुणाकुणाच्या फाइली आहेत. विंडोजमध्ये 'सेटिंग्ज'मधल्या 'सिस्टिम'च्या 'अबाउट'मध्ये पहिल्या दोन गोष्टी दिसतात. बारावी झालेल्या एखाद्या मुलीला सोबत घ्या, ती भराभर शोधून देईल आणि स्वतःही शिकेल. ती चार ओळींची नोंद घेऊन आपल्या प्रभागसंघाच्या बैठकीला या. पेन ड्राईव्ह आम्ही तयार ठेवतो.