संशोधनातील संगणकीय साहाय्य आणि त्याची नोंद

पुण्याच्या डेक्कन कॉलेजने हाती घेतलेल्या मराठी बोलींच्या सर्वेक्षणासारख्या कामात भाषिक सामग्री संगणकावर साठवली जाते. अशा सामग्रीतील शब्द मोजण्यासाठी संशोधकाने स्वतःच आज्ञावली लिहिली पाहिजे, अशी स्थिती आता राहिलेली नाही. मराठीत सूचना दिली, तरी कृत्रिम बुद्धिमत्तेचा सहायक पायथॉनसारख्या भाषेत आज्ञावली लिहून देतो. हे साहाय्य घेण्यात गैर काही नाही; ते तपासले जाते का आणि सांगितले जाते का, हा खरा प्रश्न आहे.

बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगारांच्या मुलाखती आपण लिहून घेतल्या आहेत, असे समजा. सहायकाच्या आज्ञावलीत 'मजकुरातील अदृश्य चिन्हे काढून टाका' अशी एक निरुपद्रवी वाटणारी ओळ असू शकते. मराठीत ती घातक ठरते. 'दऱ्या' हा शब्द संगणकात दोन रीतींनी साठवला जातो: एकीत 'ऱ' हा स्वतंत्र वर्ण असतो, दुसरीत साधा 'र', हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह असते. ते चिन्ह गळाले की 'दऱ्या'चा 'दर्या' होतो आणि आचाऱ्याची मजुरी आचार्याच्या खाती जमा होते! आज्ञावली मात्र कोणतीही तक्रार न करता चालते. म्हणून प्रथम दुसऱ्या रीतीचे पहिल्या रीतीत रूपांतर करावे आणि अशा शब्दजोड्या देऊन आज्ञावलीची परीक्षा घ्यावी.

हे सारे नोंदवण्याची अपेक्षा आपल्या परंपरेला परकी नाही. एकनाथांनी शके १५०६ मध्ये (इ. स. १५८४) ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली आणि तसे ग्रंथाच्या अखेरीस नमूदही केले. आपण सहायकाचे नाव व आवृत्ती, दिनांक, दिलेली मूळ सूचना, मिळालेली आज्ञावली आणि आपण केलेला बदल सकारण परिशिष्टात द्यावा. तीच सूचना उद्या दिल्यास उत्तर वेगळे येऊ शकते, हे त्यामागील कारण.

अर्थाच्या बाबतीत तर सहायकावर विसंबणे अधिकच धोक्याचे. 'कोयता' या शब्दाचे वर्गीकरण तो 'अवजार' असे करील. ऊसतोडीच्या व्यवहारात मात्र पती-पत्नीच्या जोडीला एक कोयता म्हणतात आणि उचलही कोयत्यामागे ठरते. वर्गीकरण तसेच राहिले, तर दोन माणसांचे श्रम अवजारांच्या यादीत जातील. तुमच्यापैकी ज्यांच्या घरातून टोळी कारखान्यावर जाते, त्यांना ही चूक वाचताक्षणी दिसेल; ती दुरुस्ती कोणी व कशाच्या आधारे केली, हेही त्याच परिशिष्टात लिहावे.