नोटोरियस आणि नामचीन

काही वर्षांपूर्वी आमच्या शहरातल्या एका कार्यक्रमात मी अठराव्या शतकातले शायर सिराज औरंगाबादी यांच्याविषयी मराठीतून बोलत होतो. हाताशी टिपण हिंदी होते. त्यातलाच शब्द उचलून मी म्हणालो, 'दख्खनचे नामचीन शायर.' पुढच्या रांगांत हशा पिकला. हिंदीत 'नामचीन' हा गौरव आहे. मराठी कानांना मात्र पोलिसांच्या यादीतला गुंड दिसला. मागे बसलेल्या एका वयस्कर उर्दूभाषक गृहस्थांनी नंतर मला गाठून विचारले, "लोग हँसे क्यों?" त्यांना वाटले होते, लोक सिराजना हसले. मी ओशाळलो, उत्तर काही सुचले नाही.

ती बोच घेऊन कोश चाळू लागलो, तेव्हा इंग्रजी 'नोटोरियस'ची कहाणी हाती लागली. या शब्दाच्या मुळाशी लॅटिन 'नोटुस' आहे, अर्थ 'ज्ञात'. आपला 'ज्ञा' धातू त्याच कुळातला. सोळाव्या शतकात हा शब्द इंग्रजीत रुळला तेव्हा त्याचा अर्थ 'सर्वांना ठाऊक असलेला' एवढाच होता. त्यात निंदा नव्हती. पण पापी, चोर, लबाड अशा नामांमागे तो वारंवार येऊ लागला. इंग्लंडच्या चर्चच्या १५४९च्या प्रार्थनापुस्तकातही तो पाप्यांनाच लागला आहे. हळूहळू नामाचा दोष विशेषणात मुरला. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला! 'इन्फेमस'ला किंवा आपल्या 'कुप्रसिद्ध'ला वाईट ठरायला उपसर्ग लागतो. 'नोटोरियस'ला नुसती संगत पुरली. कायद्याच्या इंग्रजीत जुना अर्थ अजून टिकून आहे. प्रतिकूल ताबा 'ओपन अँड नोटोरियस' असावा लागतो, म्हणजे उघड आणि चारचौघांना माहीत असलेला. त्यात ताबेदाराची बदनामी नसते.

मराठीत 'नामचीन'चेही तेच झाले. वर्तमानपत्रांत त्याच्यापुढे 'गुंड' इतक्या वेळा आला, की आता तो एकटा आला तरी गुंडच आठवतो. 'नामी'चे नशीब उलट. हिंदीत वकीलही नामी आणि बदमाशही नामी. मराठीत मात्र त्याला 'संधी' आणि 'युक्ती' यांची सोबत लाभली आणि तो उजळला. दोन्हींत 'नाम' तेच.

एकाच गल्लीत दोन भाषा नांदतात, तिथे कोशातला अर्थ पुरत नाही. शब्द शेजारच्या घरात कोणाबरोबर उठतो-बसतो, हेही पाहावे लागते. त्या गृहस्थांना आता सांगता येईल: हसू शायराला नव्हते, आमच्या भाषेत त्या शब्दाला लागलेल्या संगतीला होते.