बांधावरचा काटा आणि पाटीवरचे आकडे



या पानावर दर वेळी बेणे, लागण, खोडवा नाहीतर खताचे हप्ते असतात. या खेपेचा विषय जरा वेगळा, पण आपल्या वस्तीवरचाच आहे. गटात फिरताना हल्ली एक तक्रार वारंवार कानी येते. ऊस पाहून झाला, चहा झाला की सभासद म्हणतात, "साहेब, धाकटं चार वर्षांचं झालं, अजून एक ओळ लिहीत नाही. अंगणवाडीत नुसतं खेळवत्यात. औंदा तालुक्याला इंग्रजी शाळेत घालावं म्हणतो." आणि ते धाकटे त्याच वेळी गोठ्यामागे मोठ्या कामात गुंतलेले असते. काम म्हणजे कारखाना चालवण्याचे!

हा खेळ गेल्या हंगामात एका वस्तीवर मी चांगला अर्धा तास पाहिला. चार ते सात वर्षांची पाच पोरे. गाड्या ज्वारीच्या धाटांच्या, बैल मातीचे, मोळ्या पाचटाच्या. दगडावर फळी टाकून वजनकाटा केलेला. मोठी मुलगी काटेवाली, आणि लिंबाचे पान म्हणजे चिठ्ठी. एक गाडीवान रांग मोडून पुढे घुसला, तर मागचा ओरडला, "माझा तिसरा नंबर, तुझा चवथा!" काटेवालीने मोळ्या मोजल्या, सात भरल्या. "आठ हुत्या की गं ताई." "मग मोज परत." दोघांनी बोट लावून पुन्हा मोजल्या. मग तिने काडीने मातीत दोन रेघा आणि एक गोल काढला. तो आकडा नव्हताच, पण तिने तो वाचून दाखवला आणि गाडीवानाने मान्यही केला! माल उतरल्यावर रिकामी गाडी पुन्हा काट्यावर घ्यायची असते, हेसुद्धा पोरे विसरली नाहीत.

आता यात शाळा कुठे आली? एका मोळीला एकच बोट आणि शेवटचा आकडा तोच एकूण, हा गणिताचा पाया. शंभरपर्यंत घडाघडा म्हणणाऱ्या पोराला "सात खडे आण" म्हणावे, तर पुष्कळदा ते मूठभर घेऊन येते. म्हणणे वेगळे आणि मोजणे वेगळे. तिसरा-चवथा हा क्रम झाला. भरल्या गाडीतून रिकामी वजा केली की उसाचे वजन निघते, ही तर वजाबाकीच. पाटीवर ती पुढे दोन-तीन वर्षांनी येईल.

पानाची चिठ्ठी ही मला सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. 'क' हे अक्षर म्हणजे तरी काय? एक रेघोटी, जी एका आवाजाच्या जागी उभी असते. एका वस्तूला दुसरीच वस्तू मानण्याची सवय जिथे लागते, तिथे वाचनाची तयारी होत असते. रशियातील मानसशास्त्रज्ञ वायगॉट्स्की (१८९६-१९३४) यांनी यावर पुष्कळ लिहिले आहे. मूल सोंग घेते तेव्हा त्या सोंगाचे नियमही आपणहून पाळते, हेही त्यांनी दाखवले. एरवी दोन मिनिटे जागेवर न बसणारी पोर काटेवाली झाली की काटा सोडून हलत नाही. वर्गात बसायला हीच शिस्त लागते. शिवाय भांडताना 'आधी', 'मग', 'म्हणून', 'नाहीतर' हे शब्द किती वेळा येतात ते ऐका. पुढे धडा समजतो तो याच शब्दांच्या आधाराने. आणि माती मळून, पाचटाच्या गाठी मारून जी बोटे तयार होतात, तीच पेन्सिल धरतात. टिपरीला आधी मुळ्या फुटतात हे आपल्याला ठाऊक आहे. उगवण दिसत नाही म्हणून कोणी सरी उकरून बघत नाही.

हा विचार आपल्याकडे नवा नाही. ताराबाई मोडक यांनी अनुताई वाघ यांच्या साथीने १९४५ साली बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले. मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. साधने म्हणून खडे, बिया, पाने, शिंपले. १९५७ पासून हे काम कोसबाडच्या टेकडीवर चालले, आणि गुरे राखणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळाही निघाली. १९७५ साली केंद्राची एकात्मिक बालविकास योजना आली, तिच्या केंद्रांना 'अंगणवाडी' हेच नाव मिळाले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही ३ ते ८ वर्षे हा एक टप्पा धरून त्यात खेळाला मुख्य जागा दिली आहे. तेव्हा "नुसतं खेळवतात" हा काही सेविकाताईंचा दोष नव्हे.

नुसत्या खेळाने अक्षरे येतील असे मात्र कोणी समजू नये. ती वेळेवर शिकवावीच लागतात, आणि घरात गोष्टी वाचून दाखवाव्या लागतात. पण तीन-चार वर्षांच्या पोराचा हात धरून ओळी गिरवून घेण्यात फायदा नाही. त्यापेक्षा आजोबांनी घटकाभर गाडीवान व्हावे. "काटेवाल्या बाई, आमचं वजन किती झालं? चिठ्ठी वाचा बघू," एवढे विचारावे. चुका काढत बसू नये. जुनी वही, पेन्सिलीचा तुकडा, मोडका तराजू द्यावा. खेळ पोरांचा आहे, मुकादमकी आपण करू नये.

तोडणीच्या टोळ्यांची पोरेही फडात हेच खेळतात, पण थोरलीच्या कडेवर धाकटे असते आणि खेळ अर्ध्यावर मोडतो. टोळी वस्तीला आली की त्या पोरांची नावे जवळच्या अंगणवाडीत कळवावीत, एवढे सभासदांना सहज जमण्यासारखे आहे.

आता माझ्या खात्याचे थोडे. तणनाशकाच्या बाटलीचे झाकण भातुकलीत वाटी झालेले मी पाहिले आहे. औषधाचे रिकामे डबे, झाकणे, मापे धुऊनसुद्धा पोरांच्या हाती देऊ नयेत. डबा तीनदा खळाळून ते पाणी पंपातच ओतावे, डब्याला भोके पाडावीत आणि तो कुलपात ठेवावा. विहिरीला कठडा आणि शेततळ्याला कुंपण हवेच. आणि हंगामात ट्रॅक्टर मागे घेण्याआधी ड्रायव्हरला खाली उतरून ट्रॉलीखाली व मागे बघायला सांगा, कारण पोरांचा काटा बहुधा तिथल्याच सावलीत मांडलेला असतो.