आलेखी साधनसंच
आलेखी साधनसंच : संगणकाच्या पडद्यावरील खिडक्या, बटणे, मेनू, मजकुराचे रकाने इ. घटक निर्माण करण्यासाठी आज्ञावलीकारास आयता मिळणारा कार्यपद्धतींचा संग्रह. यास टूलकिट असेही म्हणतात. एकच आज्ञावली विंडोज, मॅक व लिनक्स या तिन्ही प्रणालींवर चालवावयाची असल्यास साधनसंचाची निवड प्रारंभीच विचारपूर्वक करावी लागते. कारण मागाहून तो बदलणे म्हणजे आज्ञावलीचा मोठा भाग नव्याने लिहिणे होय.

ज्यूलियन स्मार्ट यांनी १९९२ मध्ये एडिंबरो विद्यापीठात सुरू केलेला डब्ल्यूएक्सविजेट्स हा संच त्या त्या प्रणालीचे मूळ घटकच वापरतो. त्यामुळे बटण विंडोजवर विंडोजचे व मॅकवर मॅकचे दिसते. याउलट नॉर्वेत तयार होऊन १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेला क्यूटी आणि गिम्प या चित्रसंपादकासाठी जन्मास आलेला जीटीके हे आपले घटक बहुतांशी स्वतःच रेखाटतात. त्यांचे वर्तन सर्वत्र सारखे राहते, रूप मात्र क्वचित परके वाटते. इलेक्ट्रॉन (२०१३) प्रत्येक आज्ञावलीसोबत संपूर्ण ब्राउझरच जोडतो. जुन्या संगणकांवर हा भार जाणवतो.

मराठी वापरासाठी खरी कसोटी अक्षरजुळणीची आहे. नागपूर जिल्ह्यातील तालुक्यांची यादी पडद्यावर आणून पाहिल्यास ती सहज घेता येते. हिंगणा, भिवापूर व पारशिवनी या नावांतील ऱ्हस्व वेलांटी युनिकोडमध्ये व्यंजनानंतर साठविली जाते, परंतु व्यंजनाआधी दिसावी लागते. कळमेश्वरमधील श्व जोडून यावा लागतो. शेजारच्या वऱ्हाडाच्या नावातील अर्धा र तर रफाराहून वेगळा, खास मराठी वळणाचा आहे. जीटीकेचा पँगो हा मजकूरविभाग आणि क्यूटी ही पुनर्रचना हार्फबझ या संग्रहाकडून करवून घेतात व ती समाधानकारक असते. जॉन औस्टरहाउट यांचा टीके हा संच शिकण्यास सोपा, पण लिनक्सवर त्यात ही सोय दीर्घकाळ नव्हती. तेथे वेलांटी चुकीच्या जागी पडे. ज्या नोंदीत गावाचे नावच विस्कटते, ती वाचणाऱ्यास कामाची नाही.

परवान्याचा विचारही टाळता येत नाही. क्यूटीचा आरंभीचा परवाना पुरेसा मुक्त नसल्याने १९९७ मध्ये जीटीकेवर आधारित ग्नोम प्रकल्प सुरू झाला. २००० मध्ये क्यूटी जीपीएलखाली व २००९ मध्ये एलजीपीएलखाली आला. आता विक्रीच्या बंदिस्त आज्ञावलीतही तो विनामूल्य वापरता येतो. मात्र एलजीपीएलखालील भाग बदलण्याची मुभा ग्राहकास ठेवावी लागते. त्याचे काही उपविभाग केवळ जीपीएल किंवा व्यापारी परवान्याखाली मिळतात, हे आधी तपासावे लागते.

वऱ्हाड हा शब्द दोन प्रकारे साठविता येतो व दोन्ही एकसारखेच दिसतात. शोध घेताना एक सापडतो, दुसरा निसटतो. हा दोष साधनसंचाचा नव्हे. तो आज्ञावलीकारानेच सांभाळावयाचा असतो.