ट्रेलरच्या तालुक्यात दुचाकीचा टायर

12 जानेवारी 2024 रोजी अटल सेतूचं उद्घाटन झालं आणि उरणहून मुंबई जवळ आली, पण चारचाकीवाल्यांनाच. सेतूवर दुचाकीला बंदी आहे. त्यामुळे उरणच्या मोटारसायकलस्वाराला बेलापूर-पनवेल गाठायचं तर करळ फाटा, जासई, गव्हाण फाटा असंच जावं लागतं आणि वाटेत सोबत असते ती जवाहरलाल नेहरू बंदरातून कंटेनर ओढणाऱ्या ट्रेलरांची. हे बंदर 1989 च्या मे महिन्यात सुरू झालं. तेव्हापासून या पट्ट्यात टायरची दुकानं, पंक्चरवाले आणि टायरबद्दलचं ज्ञान, तिन्हींची चलती आहे. अडचण एकच. यातलं बरंचसं ज्ञान ट्रेलरच्या चाकांवरून आलेलं आहे, आणि नवा टायर घ्यायला आलेला स्प्लेंडर किंवा पल्सरवाला तेच आपल्या दोन चाकांना लावायला जातो.

सगळ्यात महागात पडणारा समज रिमोल्डचा, म्हणजे झिजलेल्या टायरच्या सांगाड्यावर नव्या रबराची पट्टी चढवून विकल्या जाणाऱ्या टायरचा. ट्रेलरला रिमोल्ड टायर वर्षानुवर्षं चालतात, मग बाइकला काय होतंय? ट्रकच्या टायरचा सांगाडा दुसऱ्यांदा रबर चढवता यावं अशा बेतानेच बनवलेला असतो. त्यातून एखाद्या चाकाची पट्टी सुटली तरी भार पेलायला बाकीची डझनभर चाकं असतात. मोटारसायकलचं तसं नाही. तिचा टायर गोलसर असतो, सांगाडा पातळ असतो, आणि वळणावर गाडी झुकली की सगळा ताण कडेच्या रबरावर येतो. नेमका तिथेच नव्याने चिकटवलेला थर उकलण्याचा धोका. मागच्या चाकाची पट्टी सुटून चेनमध्ये किंवा मडगार्डमध्ये अडकली तर चाक जागच्या जागी जाम होतं. दुचाकीस्वाराने रिमोल्डच्या वाटेला जाऊच नये, यात दुमताला जागा नाही.

रिमोल्डचंच भावंड म्हणजे खाचा कापलेला टायर. झिजून गुळगुळीत झालेल्या टायरवर तापलेल्या पात्याने पुन्हा नक्षी कोरतात, काळं पॉलिश मारतात आणि तो ‘सेकंडहँड, कमी वापरलेला’ म्हणून विकतात. ट्रकच्या काही टायरांवर ‘रिग्रूव्हेबल’ असं छापलेलं असतं. त्यांच्या खाचांखाली त्यासाठी जादा रबर ठेवलेलं असतं. मोटारसायकलच्या टायरमध्ये खाचेखाली रबराचा पातळ थर आणि लगेच कापडाचे पदर, म्हणजे खोल कोरलेली खाच थेट सांगाड्यालाच भिडते. फसवणूक ओळखायची एक साधी खूण आहे. टायरच्या बाजूवर ‘टीडब्ल्यूआय’ अशी अक्षरं किंवा छोटा त्रिकोण असतो. त्याच्या समोर, खाचेच्या तळाशी रबराचा बारीकसा उंचवटा दिसायला हवा. खाच भरपूर खोल आहे पण उंचवटा कापला गेलाय किंवा गायबच आहे, तर ती खाच कारखान्यात पडलेली नाही असं समजावं.

हाच उंचवटा टायर कधी बदलायचा तेही सांगतो. रबर झिजत झिजत त्याच्या पातळीला आलं की टायरचं आयुष्य संपलं. केंद्रीय मोटार वाहन नियमांनी दुचाकीसाठी खाचेची किमान खोली 0.8 मिलिमीटर ठरवली आहे. मोटारी आणि ट्रकांसाठी ती 1.6 आहे. कायद्याची ही तळरेषा झाली. कोकणातल्या पावसाळ्यात शहाण्याने तिची वाट पाहू नये, कारण खाचांचं कामच टायरखालचं पाणी बाहेर काढण्याचं आहे आणि ते काम त्या आधीच मंदावलेलं असतं.

आता रुंदीचं वेड. मागे जाड टायर टाकला की पकड वाढते, असं पोरं छातीठोकपणे सांगतात. रस्त्याला टेकलेला टायरचा भाग जेमतेम तळहाताएवढा असतो आणि त्याचं क्षेत्रफळ मुख्यतः दोन गोष्टींवर ठरतं: चाकावरचा भार आणि आतल्या हवेचा दाब. रुंदी वाढवली की त्या तळहाताचा आकार बदलतो, तो आडवा पसरतो. क्षेत्रफळ फारसं वाढत नाही. आणि रिम जुनीच राहिली तर जाड टायर तिच्यात दाबून बसतो, त्याचा माथा अधिक गोल होतो आणि वळणावर गाडी अपेक्षेपेक्षा वेगळी वागायला लागते.

आकडेच मांडू. पल्सर 150 च्या कित्येक गाड्यांना मागे 100/90-17 हा टायर येतो. म्हणजे रुंदी 100 मिलिमीटर, उंची रुंदीच्या 90 टक्के आणि रिम 17 इंचांची. त्याचा एकूण व्यास भरतो साधारण 612 मिलिमीटर. त्याजागी 110/90-17 बसवला की व्यास 630 होतो, म्हणजे जवळपास तीन टक्क्यांनी मोठा. गाडीचं गिअरिंग तेवढं लांबतं, पिकअप तेवढा मंदावतो, वजन आणि पेट्रोल दोन्ही वाढतं, आणि चेनकव्हर किंवा स्विंगआर्मला टायर घासतोय का हे बघत बसावं लागतं. एवढं करून मिळतं काय, तर मागून दिसणारा रुबाब.

आकारापुढे छापलेलं ‘55पी’ मात्र कुणी वाचत नाही, आणि खरी मेख तिथे आहे. 55 म्हणजे तो टायर 218 किलो भार पेलू शकतो. 47 असेल तर 175 किलो, 54 असेल तर 212. ‘पी’ म्हणजे ताशी 150 किलोमीटरपर्यंतचा वेग, ‘जे’ म्हणजे 100, ‘एस’ म्हणजे 180. करंजाहून मासळीच्या टोपल्या बांधून निघालेल्या किंवा मागे नवरा-बायको-पोर असा संसार वाहणाऱ्या गाडीला वेगाच्या अक्षरापेक्षा भाराचा आकडा महत्त्वाचा. कंपनीने दिलेल्या आकड्यापेक्षा कमी भाराचा टायर, मग तो कितीही नामवंत ब्रँडचा असो, घेऊ नये. आयएसआय चिन्हही पाहावं. दुचाकीच्या टायरसाठी आयएस 15627 हे मानक आहे आणि 2009 च्या गुणवत्ता नियंत्रण आदेशाने हे चिन्ह सक्तीचं केलं आहे.

“पावसात हवा थोडी कमी ठेव, गाडी चिकटून चालते.” हा सल्ला उरणात फुकट मिळतो आणि तो पूर्ण उलटा आहे. हवा कमी झाली की टायर मधे दबतो, खाचा मिटतात आणि पाणी बाहेर जायला वाट राहत नाही. उन्हाळ्यातही तेच. गरमीने टायर फुटेल म्हणून हवा कमी भरली, तर टायर प्रत्येक फेऱ्यात जास्त वाकतो आणि त्या वाकण्यानेच जास्त तापतो. चालून तापलेल्या टायरचा दाब थोडा वाढणार हे धरूनच कंपनीने गार टायरचा आकडा दिलेला असतो. 150 सीसीच्या अनेक गाड्यांवर तो पुढे 25, मागे 28 आणि मागे माणूस बसला तर 32 पीएसआय असा सापडतो. आपल्या गाडीचा आकडा चेनकव्हरवरच्या स्टिकरवर किंवा माहितीपुस्तिकेत असतो. पंपवाल्याला “दोन्हीकडे तीस” सांगून मोकळं होणं बंद करायला हवं. नायट्रोजनसाठी वेगळे पैसे मोजण्याची घाईही नको. साध्या हवेत 78 टक्के नायट्रोजनच असतो.

मोरा, नागाव, पिरवाडीकडच्या लोकांचा आणखी एक समज: खाऱ्या वाऱ्याने टायर कुजतो. खारं वारं रबराला फारसं काही करत नाही. त्याचा राग धातूवर असतो. रिम गंजते, तिची कड खडबडीत होते आणि ट्यूबलेस टायरची हवा तिथून हळूहळू निसटते. गिऱ्हाईक टायरला शिव्या देतं आणि नवा टायर त्याच गंजक्या कडेवर चढवतं! टायर बदलताना रिमची कड घासून साफ करायला आणि वॉल्व्ह नवा टाकायला सांगणं, एवढ्याने बऱ्याच कटकटी मिटतात.

रबराला खरं खातं ते ऊन आणि हवेतला ओझोन. टायरमध्ये त्यांच्यापासून राखण करणारी मेणासारखी द्रव्यं मिसळलेली असतात आणि टायर फिरता-वाकता राहिला तरच ती पृष्ठभागावर येत राहतात. म्हणून जहाजावर नोकरी करणाऱ्याची सहा-सहा महिने अंगणात उभी असलेली गाडी कमी धावूनही बाजूंना भेगाळलेली दिसते. त्यात भर डिझेल मारून धुण्याची. डिझेलने लोखंड चकाकतं, पण रबर फुगतं आणि मऊ पडतं.

ट्यूबलेसचा मोह तारेच्या चाकाला आवरावा. साध्या स्पोकच्या रिमला प्रत्येक तारेसाठी भोक असतं, तिथून हवा जाणारच. मग आत ट्यूब टाकावी लागते आणि खिळा लागला तरी हवा सावकाश जाण्याचा फायदा उरत नाही. मॅगव्हीलला मात्र तो फायदा मोठा आहे, विशेषतः या रस्त्यावर. ट्रेलरचे टायर फुटून उडालेल्या चिंध्यांमध्ये पोलादी तारा असतात आणि त्या बारीक तारा दुचाकीच्या टायरमध्ये सहज शिरतात. अशा पंक्चरला मधल्या भागात स्ट्रिप चालते. बाजूच्या भिंतीला भोक पडलं असेल तर स्ट्रिप नाही, पॅच नाही, टायरच बदलायचा.

दुकानदाराने पुढे केलेल्या टायरवर चार आकड्यांचा शिक्का शोधावा. 1425 म्हणजे 2025 चा चौदावा आठवडा. सहा महिन्यांपूर्वीचा टायर शिळा, असं मानून भांडायचं कारण नाही. सावलीत नीट ठेवलेल्या टायरचं तेवढ्यात काही बिघडत नाही. पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासणी करावी आणि दहा वर्षं झाली की खाचा शाबूत असल्या तरी टायर काढावा, असं मिशलँसारखी कंपनी सांगते. बाजूवरचा बाणही बसवण्याआधी पाहावा. तो चाक फिरण्याची दिशा दाखवतो आणि घाईत उलटा बसवलेला टायर उरणातच काय, कुठेही सापडतो.

नवा टायर पहिल्या दिवसापासून सगळ्यात जास्त धरतो, हा समज तर भल्याभल्यांचा. साच्यातून निघालेल्या टायरचं अंग तुकतुकीत असतं आणि ती चकाकी घासून जाईपर्यंत तो जुन्यापेक्षाही घसरू शकतो. पहिले शंभर-दीडशे किलोमीटर कडक ब्रेक नको, खोल झुकणं नको. म्हणून टायर बदलायचाच असेल तर मे महिन्यात बदलावा आणि खोपटे, कोप्रोली, चिरनेरकडे कोरड्या रस्त्यावर काही फेऱ्या पावसाआधीच माराव्यात.